मालगाडी, ओसाड गाव आणि फोटोत नसलेली माणसे

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? आकाशाला भिडलेल्या इमारती, हातात मशाल घेतलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, रुंद रस्ते आणि त्यांवरून सुसाट धावणाऱ्या मोटारी. कुणाचा मुलगा, कुणाची भाची तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेली असेल, तर तिच्याकडूनही असेच फोटो येतात. घरात सर्वांना ते कौतुकाने दाखवले जातात.

पण त्या देशाला आणखी एक चेहरा आहे. तिकडे शेकडो मैल सपाट माळरान आहे. त्या माळावरून दीड-दोन मैल लांबीची मालगाडी जाते. रुळांच्या कडेला रंग उडालेले धान्याचे कोठार उभे असते. दारे निखळलेले स्टेशन, छप्पर खचलेली शाळा, गवतात अर्धे बुडालेले चर्च असते. आणि तेथेच धुळीच्या रस्त्यावर मोटार लावून कुणीतरी कॅमेरा घेऊन तासन् तास उभा असतो. त्याला गाडीत बसायचे नसते. त्याला फक्त त्या गाडीचा आणि त्या पडक्या गावाचा फोटो हवा असतो.

रिकामटेकड्यांचा उद्योग, असे कुणीही म्हणेल. पण या फोटोंची गोष्ट नीट समजून घेतली, तर तिच्यात आपल्यासारख्या कष्टकरी घरांना विचार करायला लावणारे पुष्कळ काही आहे.

गाडीची वाट पाहणारे

मालगाडीला प्रवासी गाडीसारखे छापील वेळापत्रक नसते. त्यामुळे तिची वाट पाहणे हाच या छंदाचा मोठा भाग. हे लोक जवळ एक छोटा रेडिओ बाळगतात. ड्रायव्हर आणि कंट्रोल यांचे बोलणे त्यावर ऐकू येते. रुळांच्या कडेला ठिकठिकाणी तपासणीची यंत्रे बसवलेली असतात. गाडी गेली की ते यंत्र चाकांच्या किती जोड्या मोजल्या आणि कुठे बिघाड आढळला का, ते रेडिओवर बोलून सांगते. सिग्नलचा रंग बदलला की यांचे कान टवकारतात. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरके ऊन पाठीशी घ्यायचे, वळणावरून इंजिन पुढे येऊ द्यायचे, मागच्या वाघिणींची रांग पूर्ण दिसली पाहिजे, आणि मग बटण दाबायचे.

यात शिस्तही आहे. तिकडे रूळ आणि त्यालगतची जमीन ही रेल्वे कंपनीची खाजगी मालमत्ता असते. तिच्यावर पाय ठेवणे हा गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही आहे. म्हणून जाणते लोक सार्वजनिक रस्त्यावर, फाटकाबाहेर किंवा पुलावर उभे राहतात. पडक्या घरात शिरायचे तर मालकाची परवानगी घेतात. तेथील खिळासुद्धा उचलून आणायचा नाही, असा चांगल्या छायाचित्रकारांचा दंडक आहे.

गाव ओस का पडले?

अमेरिकेचे रेल्वेचे जाळे १९१६ साली सर्वांत मोठे होते. तेव्हा ते चार लाख किलोमीटरहून अधिक लांब होते. आज ते त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त उरले आहे. मग मधल्या काळात रूळ गेले कुठे? पुष्कळ ठिकाणी ते उखडून नेले. आणि रूळ गेले तशी गावेही गेली.

कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा या गहू-मक्याच्या मुलखात रेल्वेच्या प्रत्येक छोट्या स्टेशनावर एक उंच लाकडी कोठार असे. त्याला तिकडे एलिव्हेटर म्हणतात. शेतकरी घोडागाडीतून धान्य आणी. पट्ट्यावर बसवलेल्या छोट्या बादल्यांनी ते वर चढवले जाई आणि वरून घसरत खाली वाघिणीत पडे. घोडागाडीने दिवसभरात जाऊन परत येता येईल, एवढ्या अंतरावर ही कोठारे होती. कोठाराभोवती दुकान, शाळा, लोहाराचे काम, चर्च असे गाव वसे.

पुढे ट्रक आले आणि अंतर तुटले. रेल्वे कंपन्यांना एकेक वाघीण गोळा करत फिरणे परवडेना. आता मोठ्या काँक्रीटच्या कोठारात एका दमात ११० वाघिणी भरून घेणाऱ्या गाड्या धावतात. १९८० साली आलेल्या कायद्याने सरकारी नियंत्रण सैल झाले आणि तोट्यातले फाटे बंद करणे कंपन्यांना सोपे झाले. त्याच वर्षी मार्चअखेर 'रॉक आयलंड' ही सात हजार मैलांहून अधिक मार्ग असलेली जुनी कंपनी दिवाळे निघून कायमची थांबली. तिचे काही मार्ग दुसऱ्यांनी घेतले, काहींवर गवत उगवले.

माणसेही कमी झाली. पूर्वी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड आणि त्याचे सोबती असत. १९८० नंतरच्या दशकात तो डबाच हळूहळू नाहीसा झाला. त्याच्या जागी शेवटच्या वाघिणीला लुकलुकता दिवा असलेली एक पेटी आली. १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या रेल्वेत वीस लाख लोक काम करीत होते. आज मालवाहू रेल्वेच्या मोठ्या कंपन्यांत सव्वा लाखाच्या आसपास लोक आहेत. दोन मैल लांब गाडी, आणि तिच्यावर माणसे बहुधा दोन! छायाचित्रकार गाडीचा फोटो काढतो, तेव्हा त्या फोटोत न दिसणाऱ्या या हजारो माणसांची जागा रिकामी असते.

१८६९ चा तो फोटो

रेल्वेच्या फोटोंमध्ये माणूस न दिसणे हे आजचे नाही. त्याची सुरुवात फार जुनी आहे.

१० मे १८६९ रोजी युटा प्रदेशात प्रोमोंटरी नावाच्या उजाड जागी दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांना मिळाले. एक कंपनी कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे आली होती, दुसरी नेब्रास्कातून पश्चिमेकडे गेली होती. अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम भाग लोखंडाने जोडला गेला. अँड्र्यू रसेल नावाच्या छायाचित्रकाराने त्या दिवशी काचेच्या निगेटिव्हवर फोटो घेतला. समोरासमोर दोन इंजिने, मध्ये हात मिळवणारे दोन इंजिनीअर, इंजिनावर चढून बाटल्या पुढे करणारी माणसे आणि चहूबाजूंनी गर्दी. अमेरिकेच्या शाळांतील पाठ्यपुस्तकांत हा फोटो पिढ्यान् पिढ्या छापला गेला.

कॅलिफोर्नियाच्या बाजूचा मार्ग कुणी बांधला होता? त्या कंपनीच्या मजुरांत दहा हजारांहून अधिक चिनी होते. शंभरांत ऐंशीहून जास्त मजूर तेच. सिएरा नेवाडाच्या कठीण पहाडात त्यांनी बोगदे खोदले. काही दिवशी सुरुंग लावूनही काम इंचांनीच पुढे सरके. बर्फाचे कडे कोसळून माणसे गाडली गेली. गोऱ्या मजुराला पगार आणि वर जेवण मिळे. चिनी मजुराला पगार कमी आणि जेवणाचा खर्च स्वतःचा. जून १८६७ मध्ये त्यांनी समान वेतनासाठी आणि कामाच्या कमी तासांसाठी संप केला. कंपनीने त्यांच्या तळावर जाणारे अन्न बंद केले आणि आठवडाभरात संप मोडला.

आणि त्या प्रसिद्ध फोटोत? चिनी मजुराचा चेहरा त्यात ओळखू येत नाही. शेवटचा रूळ बसवणारी कॅलिफोर्नियाच्या बाजूची टोळीसुद्धा चिनी होती. पुढे १८८२ साली चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. तो १९४३ पर्यंत टिकला. ज्यांनी रस्ता केला, त्यांनाच दार बंद!

आणखी एक गोष्ट मनाला लागते. कंपनीच्या पगारपत्रकात बहुतेक चिनी मजुरांची वेगवेगळी नावे नाहीत, फक्त टोळीच्या मुकादमाचे नाव आहे. एवढ्या हजारो माणसांपैकी एकाचेही पत्र किंवा रोजनिशी संशोधकांना अजून सापडलेली नाही.

न्यूयॉर्कमधील कॉर्की ली हा लाँड्रीवाल्याचा मुलगा. शाळेत असताना त्याने पुस्तकातला हा फोटो भिंग घेऊन पाहिला आणि त्यात आपल्यासारखा एकही चेहरा त्याला सापडला नाही. पुढे तो छायाचित्रकार झाला. २०१४ मध्ये, त्या घटनेला १४५ वर्षे झाली तेव्हा, त्याने चिनी मजुरांच्या वंशजांना आणि इतर आशियाई अमेरिकनांना प्रोमोंटरीला जमवले आणि त्याच जागी, तशाच दोन इंजिनांपुढे त्यांचा फोटो काढला. आपल्या कामाला तो छायाचित्रातला न्याय म्हणत असे. २०२१ मध्ये कोरोनाने त्याचे निधन झाले. पण जुन्या फोटोतली रिकामी जागा त्याने भरून काढली.

प्रोमोंटरीचे पुढे काय झाले? १९०४ मध्ये खाऱ्या सरोवरातून जवळचा मार्ग निघाला आणि हे ठिकाण बाजूला पडले. १९४२ मध्ये युद्धासाठी लोखंड हवे म्हणून येथील रूळ उखडले. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. जुन्या इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती तेथे आहेत, आणि माळावर रुळांविना पडलेला मातीचा भराव आजही दिसतो.

डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया

कॅमेरा मजुराकडे वळला तर काय होते, हे जॅक डेलानो यांच्या कामात दिसते. १९१४ साली युक्रेनमध्ये जन्मलेले डेलानो लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले. पुढे ते सरकारच्या छायाचित्र विभागात लागले. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२-४३ च्या कडाक्याच्या थंडीत, त्यांनी शिकागोच्या मालगाड्यांच्या यार्डात काम केले. मार्च १९४३ मध्ये शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंत ते मालगाड्यांतून फिरले.

त्यांच्या फोटोंत इंजिने आहेत, यार्डातला बर्फ आहे, रात्री कंदील हलवल्याने उमटलेल्या प्रकाशाच्या रेघा आहेत. पण त्यांहून अधिक आहेत माणसे. सांधे बदलणारे, बॉयलर धुणारे, वेल्डिंग करणारे, रूळ दुरुस्त करणारे. गोरे, काळे, मेक्सिकन. एप्रिल १९४३ मध्ये आयोवा राज्यातील क्लिंटनच्या इंजिनशेडमध्ये त्यांनी इंजिन पुसणाऱ्या स्त्रियांचे फोटो घेतले. पुरुष युद्धावर गेल्याने या बाया कामावर आल्या होत्या. एका रंगीत फोटोत त्या डोक्याला रुमाल बांधून, कामाच्या मळक्या कपड्यांत जेवायला बसल्या आहेत. दुसऱ्यात एक बाई एकटी त्या अजस्र इंजिनावर वाफेचा फवारा मारते आहे. गिरणीत, कारखान्यात, रेल्वेत राबलेल्या आपल्या आया-बहिणींना हा फोटो दाखवा. त्यांना भाषांतराची गरज पडणार नाही!

डेलानो यांनी फोटोंखाली माणसांची नावे, गावे आणि कामे लिहून ठेवली. त्यामुळे ती माणसे हरवली नाहीत. हा संग्रह वॉशिंग्टनमधील 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या सरकारी ग्रंथालयात आहे आणि तो सर्वांना मोफत पाहता येतो.

यंत्राच्या सौंदर्याने वेडावलेले लोकही झाले. न्यूयॉर्कच्या विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात व्हर्जिनिया आणि आसपासच्या भागात वाफेच्या शेवटच्या इंजिनांचे फोटो घेतले, बहुतेक रात्री. सूर्य आपल्या ताब्यात नाही, पण दिवे आपल्या ताब्यात आहेत, असा त्यांचा हिशेब. एका फोटोसाठी ते डझनावारी फ्लॅशबल्ब तारांनी जोडत. एक बल्ब बिघडला तर सगळेच विझलेले राहत! आणि चालती गाडी काही पुन्हा मागे येत नाही. खर्च पदरचा. मे १९६० मध्ये त्या रेल्वेवरची वाफ थांबली. पण त्यांच्याही फोटोंत ओसरीवर बसलेली कुटुंबे, गुरे हाकणारी माणसे आणि स्टेशनातले कामगार आहेत. नुसती इंजिने टिपली असती, तर ते फोटो आज एवढे बोलके राहिले नसते.

ज्या गावाला रेल्वे मिळाली नाही

आता कॅन्सस राज्यातील निकोडेमस या गावाकडे वळू. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी केंटकीतून येऊन १८७७ मध्ये हे गाव वसवले. माळावर लाकूड नव्हते. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या खोल्यांत काढला. अन्न संपले तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी त्यांना मदत केल्याचे सांगतात. तरीही दहा वर्षांत तेथे चर्च, शाळा, हॉटेल, दुकाने आणि दोन वर्तमानपत्रे उभी राहिली. काल ज्यांना अक्षर शिकायची बंदी होती, त्यांच्या गावातून वर्तमानपत्र निघू लागले!

गाव जगायचे तर रेल्वे हवी. १८८७ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून १६ हजार डॉलरचे कर्जरोखे काढण्याची तयारी दाखवली. पण रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये दुसऱ्या कंपनीचे रूळ नदीच्या पलीकडून, थोड्या मैलांवरून गेले. दुकानदार आपली दुकाने उचलून तिकडे गेले. निकोडेमस ओसरू लागले.

पण ते मेले नाही. आज तेथे फार थोडे लोक राहतात, पाच जुन्या इमारती उभ्या आहेत. १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. दरवर्षी जुलैच्या अखेरीस दूरदूरच्या शहरांतून मूळ गावकऱ्यांचे वंशज तेथे जमतात आणि गुलामगिरीच्या मुक्तीचा उत्सव करतात. कॅमेरा घेऊन वाटेने जाणाऱ्याला तेथे एक जुने चर्च आणि रिकामा रस्ता दिसेल. पण आजीच्या बोटाला धरून आलेल्या नातवाला त्याच भिंतीत आपले पूर्वज दिसतात. पडकी वास्तू कुणासाठी नुसती सुंदर असते आणि कुणासाठी ती स्वतःचे घर असते. फोटो काढणाऱ्याने हा फरक ओळखला पाहिजे.

शाळेच्या भिंती

दक्षिणेकडील राज्यांत शेताच्या कडेला अशाच काही लाकडी शाळा दिसतात. खिडक्या उंच आणि पुष्कळ, कारण वीज नव्हती. १९१२ ते १९३२ या काळात काळ्या मुलांसाठी १५ राज्यांत अशा ४,९७७ शाळा बांधल्या गेल्या. स्वतः गुलामगिरीत जन्मलेले शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन आणि ज्यू उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांची ही योजना. पण संपूर्ण पैसा रोझेनवाल्ड यांचा नव्हता. त्यांनी ४३ लाख डॉलर दिले, तर काळ्या समाजाने स्वतः ४७ लाख डॉलर जमवले. त्यात शेतमजुरांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेली वर्गणी होती. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड दिले, कुणी अंगमेहनत केली.

पुढे शाळांतील वर्णभेद कायद्याने संपला आणि या शाळा बंद पडल्या. आज त्यांतील सुमारे ५०० उरल्या आहेत. अँड्र्यू फायलर या छायाचित्रकाराने २५ हजार मैल मोटार चालवून १०५ शाळांचे फोटो घेतले. २०२१ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्याची प्रस्तावना खासदार जॉन लुईस यांची आहे. ते स्वतः अशाच एका शाळेत शिकले होते.

याच रोझेनवाल्ड यांच्या निधीतून १९४२ मध्ये गॉर्डन पार्क्स या काळ्या तरुणाला शिष्यवृत्ती मिळाली. पार्क्स मूळचे कॅन्ससचे, रेल्वेच्या भोजनडब्यात वेटर होते. कुणी मागे टाकलेल्या एका मासिकात त्यांनी स्थलांतरित शेतमजुरांचे फोटो पाहिले. गरिबीविरुद्ध कॅमेरा हे हत्यार होऊ शकते, हे त्यांना उमगले. त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून कॅमेरा घेतला. शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते डेलानो यांच्याच सरकारी विभागात दाखल झाले आणि पुढे जगातील थोर छायाचित्रकारांत गणले गेले. गाडीत बश्या उचलणाऱ्या हातात कॅमेरा आला, तेव्हा फोटोत कोण दिसणार हेही बदलले!

आपल्या घरातला फोटो

बंधू-भगिनींनो, फोटोला गाडी दिसते, कोठार दिसते, इमारत दिसते. पण ती गाडी ओढणारा, ते कोठार भरणारा, ती इमारत बांधणारा माणूस आपोआप दिसत नाही. त्याच्याकडे कुणाला तरी मुद्दाम वळावे लागते आणि त्याचे नाव लिहावे लागते. प्रोमोंटरीला ते झाले नाही, म्हणून वंशजांना दीडशे वर्षांनी तेथे जाऊन उभे राहावे लागले. क्लिंटनच्या बायांची नावे लिहिली गेली, म्हणून त्या आजही आपल्यापुढे आहेत.

आपल्याही घरात एखादा जुना फोटो असेल. यार्डात उभे असलेले आजोबा, गिरणीच्या फाटकाशी आत्या, चाळीसमोर मंडळाचे कार्यकर्ते. येत्या रविवारी तो पेटीतून काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा. कोण कोण आहे, कुठले गाव, कोणते खाते, कोणते साल, हे विचारा. मुलांच्या हातात पेन्सिल द्या आणि फोटोच्या मागे हलक्या हाताने ते लिहायला सांगा. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.